डाव्या कानाची खूण

७ डिसें., रवि.
हरले. वहिनीकडून. ती भाकरीच्या पिठाचा हात धुऊन आली, ओढणीला पुसला, चार मिनिटांत मला संपवलं आणि परत तव्याकडे गेली. "चुकून झालं ताई," म्हणे. चुकून!

गेम मीच शिकवला हिला. लग्न होऊन आली तेव्हा करमायचं नाही, दादा सबस्टेशनला ड्युटीवर, आई टीव्हीपुढं. मला दया आली. आता भोगा. मोबाईलमधले राक्षस झुंजवायचे. सहा घेऊन जायचं, समोरच्याचे सहा बघायचे, मग आपल्यातले चारच मैदानात उतरवायचे. एवढं समजवायला दोन दिवस गेले, कारण तिचं एकच, "मग राहिलेले दोघं काय करत्यात?"
काय करणार, बसतात.

१० डिसें.
ग्रुपवर समाधाननं (परंड्याचा, आमचा अ‍ॅडमिन) टाकलं: "अश्विनी, तुझी वहिनी लई डेंजर खेळती राव." खाली अकरा टाळ्या. दोन वर्षं झाली मला त्या ग्रुपात. राक्षसांच्या इंग्रजी नावांनी जिभेला गाठी पडायच्या म्हणून मराठी नावं मी पाडली. भडक्या, वावटळ, चिखल्या, फुंकर, सगळी माझी. एक टाळी मिळाली नव्हती.

आणि आई! शेजारच्या काकूंना सांगत होती, "आमच्या मनीषाचं डोकं लई चालतं बघा त्या गेमात." हीच आई माझा चार्जर धान्याच्या कोठीत लपवायची. मी खेळले की मोबाईलचं येड, सुनेनं खेळलं की डोकं.

पोटात दुखतंय. लिहून टाकते म्हणजे बरं.

१४ डिसें., रवि.
दुकानात गिऱ्हाईक नव्हतं (चष्मे लागणारे लोक लग्नसराईत येत नाहीत), म्हणून वहिनीच्या मॅचेस परत लावून बघितल्या. तेरा. शोधत होते की कुठं नशिबानं जिंकली. तीनच सापडल्या.

माझी टीम: भडक्या जाळतो, वावटळ त्याच्या आधी जाऊन वाट मोकळी करते, विजू आणि घोरपड मागून. चौघं ठरलेले. उरलेले दोन, खेकडा आणि मोर, नुसते यादीला. सहा महिन्यांत त्यांना मी एकदाही उतरवलेलं नाही.
तिच्याकडे एकही हिरो नाही. सगळे मधलेच. पण दरवेळी वेगळे चार. समोर आग दिसली की चिखल्या आणि कासव. समोर पळणारे दिसले की गारठ्या. आणि ती बारकी फुंकर, जिला एक फटका पुरतो, ती शेजारच्याला दुप्पट पळायला लावते. कोण घरी राहणार हे समोरच्याला शेवटपर्यंत कळत नाही.

तशीच टीम बनवून बघितली. फुंकर घेतली, मोर उतरवला. सलग आठ हरले. आठव्याला समोर कुणीतरी लहान मूल असावं, काहीही दाबत होतं तरी मीच हरले.

१९ डिसें., येळवस (वेळ अमावास्या)
सगळे येडशी रोडच्या शेतात. भज्जी (मिश्र भाजी), आंबील, बाजरीचे उंडे. दरवर्षी भज्जीला फोडणी मी देते. या वर्षी वहिनीनं दिली. दादा तीनदा म्हणाला, "वा!" मी मीठ कमी आहे म्हणाले. नव्हतं.

दुपारी तिच्या वडलांच्या मेंढ्या बघायला गेलो, पलीकडच्या रानात लेंडीखतासाठी बसवल्यात. मला मामा (तिचे वडील) ओळखतात ते "मोबाईलवाली ताई" म्हणून, म्हणजे माझं घरात काय चालतं ते माहेरी पोचतं. कळप हलला तेव्हा पुढं दोन शेळ्या, मागं सगळी मेंढरं.
मी विचारलं, मेंढरांत शेळ्या कशाला?
मामा म्हणाले, "मेंढरू म्होरं चालत न्हाय बाई. खाली मान घालून उभंच ऱ्हातंय. शेरडू म्होरं लागलं की मग बाकीची निघत्यात."
वहिनी हसली आणि माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "फुंकर."

म्हणजे हिची युक्ती ही. दोन वर्षं मी परदेशी पोरांचे व्हिडिओ बघितले, सबटायटल वाचून वाचून डोळे गेले, आणि हिला बापाच्या कळपात सगळं फुकट मिळालं. अंगाचा नुसता तिळपापड झाला. येताना जीपमध्ये मी पुढं बसले, तिला मागं बसवलं. एवढंच जमलं.

एक बघून ठेवलंय. त्या दोन्ही शेळ्यांच्या डाव्या कानाला कापून खूण केली होती. मेंढ्यांचा उजवा.

२३ डिसें.
पुण्याला मोठी स्पर्धा, ११ जानेवारीला. प्रत्येक ग्रुपातून एकच खेळाडू. समाधाननं सामने लावले. मी कळंबच्या एकाला हरवलं, वहिनीनं खुद्द समाधानला. फायनल रविवारी. मी आणि ती.

दादा खूश. "घरातच फायनल! मी ड्युटी बदलून घेतो."
"आणि तू कुणाकडून?"
"तुझं काय, तू तर कायमच खेळतीस."

हे काय उत्तर झालं? कायम खेळते म्हणून तर मला जायचंय. कॉलेजच्या स्नेहसंमेलनात पडदा ओढायला होते, मैत्रिणींच्या लग्नांत करवली, दुकानात दुसऱ्यांना विचारते की खालची ओळ दिसते का. एकदा मला कुणीतरी निवडून पाठवावं. हसू येईल वाचणाऱ्याला, पण मला पुण्याला जायचंय. फार जायचंय.

२६ डिसें.
लिहायला लाज वाटतेय, तरी लिहिते.

वहिनी तिची टीम गॅसवाल्याच्या कॅलेंडरमागे लिहिते. लिहिते म्हणजे काय, कान काढते. सहा कान, प्रत्येकाखाली एक अक्षर. चि, का, फुं, गा, घो, जां (जांभई, समोरच्याला झोपवते ती). त्यातल्या दोन कानांना डावीकडे खाच. चि आणि जां.

आई मंदिरात, वहिनी गच्चीवर कपडे वाळत घालत होती. कॅलेंडर उलटवून फोटो काढला. ग्रुपातल्या दुसऱ्या कुणाला हे दाखवलं असतं तर वाटलं असतं चित्रकलेची वही आहे. मला कळलं. डावा कान म्हणजे शेरडू. शेरडू म्हणजे म्होरं. रविवारी ती चिखल्या आणि जांभई घेऊन सुरुवात करणार.

झोप लागू नये म्हणून औषध घेतलं, म्हणजे गेममधलं, घोरपडीला दिलं. भडक्याला काढलं, चिखलात तो विझतो. त्याच्या जागी मोर. स्पर्धेत पहिल्यांदाच मोर. टीम अशी झालीये की त्या दोघांवर पडली तर तिला श्वास घ्यायला मिळणार नाही.
चोरी आहे का? कॅलेंडर तर भिंतीवरच असतं, सगळ्यांचं.

२८ डिसें., रवि.
२-०.
तिचे दोन.

चिखल्या आलाच नाही. जांभई आलीच नाही. दोन्ही मॅचमध्ये ते बाहेर. मी घोरपड घेऊन उभी, न येणाऱ्या झोपेची वाट बघत. मोराला गारठ्यानं एका फटक्यात संपवलं. घरी ठेवलेल्या भडक्यानं गारठ्याला कागदासारखं जाळलं असतं. दुसऱ्या मॅचलाही मी तेच केलं, कारण वाटलं की आता तरी ती त्यांना आणेल. बदलायचं सुचलंच नाही.

दादा टाळ्या वाजवत होता. आईनं शिरा केला. मी दोनदा घेतला, रागानं.

२९ डिसें.
भांडी घासताना दोघीच होतो. ती विसळत, मी पुसत.
"ताई, भडक्या का काढला हो? त्याचीच मला भीती होती."
"असंच."
तिनं ताट विसळून माझ्याकडे दिलं. मग: "कॅलेंडर बघितलं व्हय?"
मी पुसलेलंच ताट परत पुसलं.
"बघितलं असंल तर बघू द्या, त्यात काय. पर खूण म्होरची न्हवती ती. आमच्यात डावा कान म्हंजी दुसऱ्याच्या कळपातून आलेलं. शेरडं बाजारातून आणत्यात आमचे आबा, म्हणून त्यांचा डावा. घरात जलमलेल्याचा उजवा."
"मग चिखल्या आणि जांभई?"
"तुमीच दिलेली की मला. दिवाळीत. इसरला?"

विसरले होते. तिच्याकडे काहीच नव्हतं, म्हणून माझ्यातले दोन अदलाबदलीत दिले होते. मला नको असलेले.
"ती दोन्ही तुमाला पाठ हायती," ती म्हणाली, "म्हणून काल आणलीच न्हाईत."

बोलताना आवाज साधा. टोमणा मारला असता तर मी उलटा मारला असता आणि हिशेब मिटला असता. ती पातेलं घासायला लागली.

१ जाने.
नवीन वर्ष. आईचा निकाल लागला: नव्या सुनेनं एकटीनं पुण्याला जायचं नाही. दादाला सुट्टी नाही, सबस्टेशनवर दोघंच आहेत. "अश्विनी जाईल सोबत. तिला काय काम हाय?"

काम नाही मला. मी पाण्याची बाटली धरून बसणार, ती आत खेळणार. तिचा फोन चार्जिंगला लावणार. कुणी विचारलं तर सांगणार, मी नणंद.
वहिनीचा चेहरा एवढा फुलला होता की तिला हे काही दिसलं नाही. "दोघी जाऊ ताई! तुमी मला सांगा कुणाविरुद्ध कोण उतरवायचं. तुमाला समदी टीमा पाठ हायेत."

३ जाने.
मालकांना विचारलं. चष्मा पुसत म्हणाले, जा की, दोन दिवस जा, वर्षभर रजा कुठं घेतलीय तू. घरी आले. आईनं विचारलं, "काय म्हणले?"
म्हणाले, "नाही देत."

ठरवून नाही. तोंडातून निघालं. आणि निघाल्यावर परत घेतलं नाही, हे मात्र ठरवून.
वहिनी "असू द्या" म्हणाली आणि कोथिंबीर निवडायला बसली. एक जुडी निवडायला तिला पाऊण तास लागला.

५ जाने.
समाधानचा वेगळा मेसेज, ग्रुपवर नाही, मला एकटीला. "वहिनीचं जमत नसंल तर नियमानं दोन नंबर जातो. म्हंजे तू. बुधवारी सकाळी दहाच्या आत नाव पाठवायचंय. कळव."

पाच वेळा वाचला. मी आधी पुण्याला एकटी गेलेय, चष्म्याच्या कोर्सला तीन महिने होते, मला आई अडवणार नाही. रजा तर आहेच. मालकांनी ऐनवेळी दिली म्हणायचं. सगळं इतकं नीट बसतंय की आपण हे आधीच जुळवून आणलं होतं की काय, अशी मला स्वतःचीच शंका येतेय.
भडक्या परत घेतला. टीम तयार आहे. मोरही ठेवलाय.

६ जाने., मंगळ.
दुपारी मी जेवायला मागच्या खोलीत होते. बाहेर आवाज ओळखीचा. वहिनी. आईच्या चष्म्याची दांडी बसवून घ्यायला आलेली. मालक तिला म्हणत होते, "मग, दोघी शनिवारीच निघताय ना? हिला म्हटलं मी, दोन दिवस आरामात जा."
वहिनी काय बोलली ते ऐकू आलं नाही. पडद्याच्या फटीतून दिसलं, तिनं दांडी बसवून घेतली, चष्मा डबीत ठेवला, डबीचं झाकण दोनदा दाबलं आणि गेली. मला हाक मारली नाही.

संध्याकाळी लांबच्या रस्त्यानं घरी आले. वाटलं आता आई दारातच. दादा बाहेर खुर्ची टाकून बसलेला असणार. काय काय बोलायचं ते सगळं तयार केलं, निम्मं रडण्याचं, निम्मं भांडणाचं.

घरात काहीच नाही. ताटं मांडलेली.
जेवताना आईच म्हणाली, "एका रजेपायी पोरीचं राहिलं. त्या मालकाला जाऊन मी सांगू का?"
मी भाकरीचा तुकडा मोडत बसले.
वहिनी वाढता वाढता म्हणाली, "नका आत्या, जाऊ नका. आज गेलते की मी. लई कडक हाय तो माणूस. ताईंचा काय इलाज न्हाय."
आणि माझ्या ताटात आमटी वाढली. माझ्याकडे बघितलं नाही.

तिनं ओरडायला पाहिजे होतं. तिला काय गरज होती माझी बाजू घ्यायची? गेममध्ये पुढं, फोडणीत पुढं, आता यातही. एवढा राग मला ती जिंकली तेव्हाही आला नव्हता. आणि रागाखाली दुसरं काहीतरी आहे, त्याला नाव द्यायचं नाहीये मला आज.

समाधानचा परत मेसेज: "सकाळी दहा. वहिनी का तू?"
आत वहिनी आईच्या पायाला तेल लावतेय. दोघींचं हसणं ऐकू येतंय. मी दोन नावं टाईप केली, दोन्ही पुसली. फोन हातातच आहे.