वरचा बोल्ट

ता. ३ सप्टेंबर

ती. बाबा आणि ती. आई यांस,
सा. न. वि. वि.

फोनवर गाडीचा विषय निघाला की बाबांचं आणि माझं भांडण होतं आणि आई मध्येच फोन ओढून जेवलीस का विचारते. म्हणून हॉस्टेलात असताना लिहायचे तसं पत्रच लिहिते.

नेमणूकपत्र आलं! सोमवारी, सोळा तारखेला, सकाळी आठ वाजता नव्या शाळेत हजर व्हायचं आहे. विज्ञान, सहावी ते आठवी. शाळा माझ्या खोलीपासून बावीस किलोमीटर, आणि पहिली बस तिथे नवाला पोहोचते. म्हणजे सगळी भिस्त बाबांच्या गाडीवर. अठरा वर्षं टॅक्सी म्हणून चालवून जिने मला पदवीपर्यंत पोहोचवलं, तीच गाडी आता मला वर्गापर्यंत पोहोचवणार. काल नुसतं स्टिअरिंग धरून बसले आणि डोळे भरून आले. हसू नका.

एकच कुरकुर आहे. सकाळी गाडी थंड असताना दुसरा गिअर टाकला की कर्र असा आवाज येतो. गाडीच्या पुस्तकाप्रमाणे गिअरबॉक्सचं तेल बदलायची वेळ झालेली आहे. इथे चौकात गॅरेज आहे, पण बाबा, तुम्ही या गाडीला कधी कोणाला हात लावू दिला नाही. मी बॅटरीचा उजेड धरून शेजारी उकिडवी बसायचे. बोल्ट टेकला की पाव फेरा आणि हात काढ, हे तुमचं वाक्य मला पाढ्यासारखं पाठ आहे. शिकलेली मुलगी हात काळे करत नाही, असं आपल्या घरात तरी कोणी म्हणू नये. येत्या रविवारी मीच करणार. पाना किती नंबरचा लागतो तेवढं कळवा.

आई, गुडघ्याला तेल लावतेस ना? तुमची माया माझ्या वाट्याला अशीच येत राहो.

तुमची,
मास्तरीणबाई


ता. ५ सप्टेंबर

चि. मास्तरीणबाईंस,
अ. उ. आ.

अक्षर आईचं, मजकूर माझा. माझा चष्मा दुरुस्तीला दिला आहे. (चष्मा नाकावर आहे. ते खिडकीबाहेर बघत सांगताहेत, म्हणून मी इथे काय लिहिते ते त्यांना दिसत नाही. – आई)

नोकरीचं वाचून छाती फुगली. तुझं पत्र शेजारच्या शिंप्याला दोनदा वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा त्याने मशीन सुरू केलं.

आता गाडीचं. गॅरेजात दे. चार पैसे जातील, जाऊ देत. गिअरबॉक्सचं काम इंजिनच्या तेलासारखं नाही, गाडीखाली पूर्ण आडवं व्हावं लागतं. तुला अजून मुलांसमोर उभं राहायचं आहे. ज्याचं काम त्याला करू द्यावं. (तीस वर्षांत हे वाक्य त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. – आई)

तरी ऐकणार नाहीसच, तर नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरू नकोस. स्टँड लाव, चाकांना दगड लाव. पाना सतरा नंबरचा.

(इथे एक ओळ खोडली आहे. वरचा बोल्ट, एवढंच त्यांनी सांगितलं. वरचा बोल्ट काय, विचारलं तर म्हणाले खोड ते. म्हणून खोडलं. – आई)

जपून राहा आणि आम्हा दोघांना पत्रातून भेटत जा.

तुझे,
बाबा (आणि लेखनिक)


ता. १० सप्टेंबर

ती. बाबा आणि ती. आई यांस,
सा. न. वि. वि.

आधी हे सांगते की मी धडधाकट आहे आणि गाडीही बरी आहे. आता बोलणी खायला तयार आहे.

तुमचं पत्र शनिवारी मिळालं. गॅरेजात दे, हे वाचून मला, खरं सांगायचं तर, लागलं. माझ्यावर विश्वास नाही असं वाटलं. म्हणून रविवारी हट्टाने बाह्या सरसावल्या. स्टँड लावले, दगड लावले, खाली शिरले आणि पहिल्या झटक्यात खालचा बोल्ट सोडला. काळंकुट्ट तेल धारेने घमेल्यात आलं. मी खाली पडल्या पडल्या हसत होते. तेल पूर्ण निथळलं, खालचा बोल्ट परत लावला आणि नवीन तेल भरण्यासाठी वरचा बोल्ट सोडायला गेले. तो हलेना. पान्याला पाइप जोडून जोर लावला, तर बोल्टाचे कोपरेच झिजून गोल झाले. जुनं तेल बाहेर, नवीन आत जायला वाट नाही, गाडी जागची हलवायची सोय नाही आणि नोकरी आठ दिवसांवर. मी घमेल्याशेजारी बसून रडले.

सोमवारी मान खाली घालून चौकातल्या गॅरेजात गेले. तिथले काका पन्नाशीचे, मिशीला ग्रीस लागलेले. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, की बाई, विज्ञान शिकवता म्हणता, मग भरायची वाट उघडते की नाही हे बघायच्या आधीच रिकामं कसं केलंत? वरचा बोल्ट नेहमी आधी सोडायचा, तो सुटला तरच खालच्याला हात लावायचा. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

पण माणूस मोठ्या मनाचा. पिशवी घेऊन चालत माझ्या दारी आले. लहान मापाचा सॉकेट पाना त्या गोल डोक्यावर ठोकून बसवला, हातभर दांडा लावला आणि असा आवाज झाला की मला वाटलं गिअरबॉक्सच फुटला. बोल्ट सुटला होता! मग त्यांनी पुढचं काम माझ्या हातात दिलं आणि स्वतः पायरीवर बसले. वरच्या भोकातून तेल बाहेर ओघळायला लागलं की पुरे, हे त्यांनी दाखवलं. नवा बोल्ट मी आवळला. टेकला, पाव फेरा, हात काढला. ते चमकून म्हणाले, हे कुठे शिकलात? मी अभिमानाने सांगितलं, वडिलांकडून.

त्यावर त्यांनी जुना बोल्ट हातात फिरवला आणि म्हणाले, मग हा तुमच्या वडिलांनी आवळलेला नाही. पाव फेरा म्हणणारा माणूस असं करणार नाही.

तेव्हा बाबा, आता कबूल करा! दोन वर्षांपूर्वी तेल बदललं तेव्हा तुम्हीच गाडी गुपचूप कोणाकडे तरी टाकली होती ना? मी रागावणार नाही, फक्त जन्मभर चिडवीन.

काकांना दिलेले पैसे मला शिकवणीच्या फीसारखे वाटले, आणि फी कमीच होती. दुसरा गिअर आता लोण्यासारखा पडतो.

चुकले तरी आपली म्हणा.

तुमची,
मास्तरीणबाई


ता. १३ सप्टेंबर

चि. बाळास,
अ. आ.

आज मीच लिहितो आहे. अक्षर वेडंवाकडं आहे, एवढ्याला दोन दिवस लागले.

बोल्ट मीच आवळला होता. कोणाकडे टाकली असती तर बरं झालं असतं.

तेव्हाच उजव्या हाताच्या बोटांना कळेनासं झालं होतं, अजूनही कळत नाही. बोल्ट टेकला की नाही ते समजेना. पाव फेरा कुठून मोजू? तेल गळेल, गाडी वाटेत बंद पडेल, म्हणून ओढत राहिलो. टॅक्सी सोडली ती कंटाळा आला म्हणून नाही. गिअरच्या दांड्यावर हात आहे की नाही ते बघावं लागायचं. तशात लोकांना गाडीत बसवणं बरं नव्हे.

तुला गॅरेजात दे म्हणालो, कारण तो बोल्ट कसा बसलाय ते मला माहीत होतं. तुझ्यावर नाही, माझ्या हातावर विश्वास नव्हता. तेवढं लिहायला जमलं नाही. तू रडलीस हे वाचलं, म्हणून लिहितो.

त्या गॅरेजवाल्यांना माझा नमस्कार सांग. त्यांनी न बघता मला ओळखलं.

तुझा,
बाबा

(मला शर्टाच्या बटणांवरून संशय होता. डॉक्टर म्हटलं की उठून जातात. तूच ये. – आई)


ता. २४ सप्टेंबर

ती. बाबा आणि ती. आई यांस,
सा. न. वि. वि.

परवा तुमच्याकडून निघून खोलीवर सुखरूप पोहोचले. शनिवारी डॉक्टरकडे जाताना बाबा, तुम्ही शेजारच्या सीटवर पाहुण्यासारखे बसला होतात, पण दुसरा गिअर पडला तेव्हा मान हलवलीत ते मी पाहिलं. तीच माझी पदवी.

मनगटात नस दबली आहे, लहानसं ऑपरेशन, असं डॉक्टर म्हणाले तेव्हा आईने माझा हात इतका घट्ट धरला की तिच्या बोटांना सगळं कळतं याची खात्री पटली. उशीर झाल्यामुळे पूर्ण फरक पडेलच असं नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. बाबा, तुम्ही उठून गेला नाहीत. त्याबद्दल मी तुमची किती ऋणी आहे ते मला लिहिता येत नाही.

काकांना तुमचा नमस्कार सांगितला आणि सगळी हकीकतही. त्यांनी आपलीच बोटं उघडमीट करून पाहिली. मग म्हणाले, वडील बरे झाले की त्यांना इकडे घेऊन या.

सातवीच्या वर्गाला पहिल्याच दिवशी मी माझी फजिती सांगितली. पोरं खदखदून हसली, पण आता प्रयोगाआधी कोणीतरी ओरडतंच, की बाई, वरचा बोल्ट पाहिला का? तो झिजलेला बोल्ट माझ्या टेबलावर आहे.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी रजा काढून येते. आणि पुढच्या वेळी तेल बदलू तेव्हा पाना माझ्या हातात असेल. बोटांना कळो वा न कळो, तुम्ही शेजारी बॅटरी धरून बसायचं. पाव फेरा मी देईन, पण बास तुम्ही म्हणायचं. तुम्ही म्हणेपर्यंत मी हात काढणार नाही.

तुमच्या दोघांच्या मायेची सदैव भुकेली,
मास्तरीणबाई