कडू पुड्या

ता. १४ ऑगस्ट १९३६, शुक्रवार

वेळापत्रक अखेर भिंतीवर चिकटवलं. खळ पातळ झाली, एक कोपरा सुटतोय, पण अक्षर चांगलं आलंय. सकाळी सात ते आठ गणित, आठ ते नऊ शुद्धलेखन, मग न्याहारी. दुपारी वाचन, भूगोल, शिवण. सोपानला मुळाक्षरं आणि पाढे. नंदा अकरा वर्षांची, सोपान सहाचा. दोघांची शाळा मीच, या ओसरीवर.

हे तळेगाव स्टेशनवर तिकिटं देतात. आठवड्यातून एकदा इथे कामशेतला घरी येतात. आज जाताना वेळापत्रक उभ्या उभ्या वाचलं आणि म्हणाले, "खेळायला वेळ कुठे लिहिलाय?" मी म्हटलं, एवढ्या पावसात खेळणार कुठे? मग छत्री घेऊन गेले.

शाळा चार घरं सोडून आहे. मुलांचा कालवा इथे ऐकू येतो. पण माझा बजरंग दोन वर्षांपूर्वी त्याच वर्गातून घटसर्प घेऊन आला आणि पाचव्या दिवशी गेला. त्याचं नाव शाळेत ह्यांनी घातलं होतं. मी नको म्हणत होते. आता राहिलेली दोघं त्या दारात जाणार नाहीत. मामांनी मला पुण्याला ठेवून सातवीपर्यंत शिकवलं, ते उपयोगी पडू दे.

ता. २१ ऑगस्ट

नंदाला थंडी वाजून ताप. तीन गोधड्या घातल्या तरी दात वाजत होते. चिमाबाई सकाळी भांड्यांना आली, तिने हात लावून पाहिला. "हिवताप हाय बाई. आमच्या वाडीत घरटी एक पडलंय."

दुपारच्या गाडीने लोणावळ्याला नेलं. डॉक्टरांनी क्विनीन दिलं. दिवसाला दोन पुड्या, सात दिवस, मग बंद. "मग बंद," असं डॉक्टर दोनदा म्हणाले.

ता. २९ ऑगस्ट

ताप उतरला. पोर निम्मी झाली, पण उठून बसली. आठ दिवसांचे धडे बुडाले.

शेजारच्या दत्तोबांच्या सुनेलाही ताप. पलीकडच्या आळीतही. डास तर ओसरीवर बसू देत नाहीत. हा पाऊस संपेपर्यंत पुन्हा असंच झालं तर? पोस्टात क्विनीनच्या पुड्या मिळतात. आज आणून ठेवल्या. नंदा नुकतीच उठली आहे, तिला दोन, सोपानला एक. रोज सकाळी, गणिताच्या आधी. वेळापत्रकात वरती लिहून टाकलं — "औषध".

डॉक्टर बंद म्हणाले होते. पण डॉक्टरांनी आपलं मूल पाचव्या दिवशी उचलून नेलेलं नाही.

ता. १ सप्टेंबर

सोपानने पुडी थुंकली. गुळात घालून दिली, तरी ओकला. सगळी सकाळ गेली. शेवटी मी दोन ठेवून दिल्या पाठीत. मग नाक धरून पाजली. नंदा दाराशी उभी राहून बघत होती.

ता. ५ सप्टेंबर

सोपान आता रडत नाही. नंदा म्हणते, "आई, मी देते त्याला, माझ्या हातून घेतो." दोघं मागच्या पडवीत जातात, पाच मिनिटांत तोंड पुसून गणिताला हजर. शिस्त लागली की लागते. उगाच लाडावला होता.

ता. १२ सप्टेंबर

शुद्धलेखनात नंदाच्या बावीस चुका. बावीस! मी 'पर्वत' सांगितलं, तिने 'परत' लिहिलं. 'नदीकाठ' सांगितलं तर 'मधली वाट'. विचारलं, लक्ष कुठे आहे? म्हणाली, "आई, कानात रातकिडे ओरडतात."

मला हसू आलं, मग राग आला. अभ्यास टाळायला रातकिडे! हातावर दोन पट्ट्या मारल्या. गुणांच्या वहीत लाल शाईने लिहिलं.

ता. १३ सप्टेंबर

आज सत्तावीस. तासभर उभी केली. रडली नाही. माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होती. मला तो उद्धटपणा वाटला.

ता. १९ सप्टेंबर, शनिवार

आज जे झालं ते लिहून ठेवते.

सकाळी मी विहिरीवर होते. नंदा ओसरीत पाटीवर गणित करत बसली होती. सोपान माळ्याच्या शिडीवर चढला आणि पडला, तिच्या पाठीमागे, चार हातांच्या अंतरावर. त्याची किंकाळी मला विहिरीवर ऐकू आली. कळशी टाकून धावत आले. पोराच्या कपाळातून रक्त, तो गुरासारखा ओरडतोय, आणि ही पाठ करून शांतपणे आकडे मांडतेय.

मी तिच्या मुस्काटात मारली. जोरात. तिने दचकून मागे पाहिलं. तेव्हा तिला सोपान दिसला. तेव्हा, पहिल्यांदा. तिचा चेहरा पांढरा पडला.

चिमाबाईने सोपानच्या जखमेत हळद भरली, पदर फाडून बांधला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मारू नका बाई. पोरीला ऐकाय येत न्हाई."

"काय बोलतेस?"

"आठ दिस बघतीया मी. माघनं हाक मारली तर वळत न्हाई. म्होरं जाऊन बोललं तर तोंडाकडं बघून उत्तर देती. मला वाटलं, तुमास्नी ठावं आसंल."

मला ठाऊक नव्हतं. रोज चार तास तिच्यासमोर बसते, आणि मला ठाऊक नव्हतं.

ता. २० सप्टेंबर

हे घरी आले. नंदाच्या मागे उभं राहून ताट वाजवलं. नाही वळली. पुन्हा वाजवलं. मग त्यांनी ताट हळूच खाली ठेवलं आणि बाहेर जाऊन उभे राहिले.

ता. २१ सप्टेंबर

तिघं लोणावळ्याला गेलो. डॉक्टरांनी दोन्ही कान पाहिले, घड्याळ जवळ नेलं, लांब नेलं. मग मला विचारलं, "क्विनीन सात दिवसच दिलंत ना? जास्त झालं की कान वाजायला लागतात. कधी कधी जातातही."

हे शेजारच्या खुर्चीवर बसले होते.

मी म्हटलं, "हो. सातच."

डॉक्टर म्हणाले, मग तापानेच झालं असेल, वाट पाहू. गाडीत हे म्हणाले, "तू काय करणार? तू तर डोळ्यांत तेल घालून सांभाळतेस त्यांना." मी खिडकीबाहेर बघत राहिले. कार्ल्याच्या डोंगरावर ढग होते. नंदा माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती.

पुड्या आजपासून नंदाला बंद. तेवीस दिवस दिल्या. वेळापत्रकात "औषध" आहे, पण किती दिवस, ते कुठेच लिहिलेलं नाही. गणिताच्या गुणांची वही आहे, शुद्धलेखनाची आहे, शिवणाच्या टाक्यांची आहे. पोरीच्या पोटात काय गेलं, त्याची नाही.

ता. २६ सप्टेंबर

खोटं बोलले. रोज सकाळी उठल्यावर पहिलं हेच आठवतं.

ता. २७ सप्टेंबर, रविवार

नंदाला पुन्हा थंडी-ताप. हे घरीच होते, पहिल्या गाडीने डॉक्टरांकडे जाऊन औषध घेऊन आले. क्विनीन! या वेळी दिवसाला तीन, दहा दिवस. डॉक्टरांचा तरी काय दोष? मी सांगितलं तेच त्यांनी धरलं.

पुडी हातात घेऊन उभी राहिले. दिली तर उरलेसुरले कान जातील. नाही दिली तर ताप. ह्यांनी विचारलं, "दिलीस?" मी म्हटलं, दिली. पुडी मोरीत ओतली होती.

ता. २८ सप्टेंबर

ताप उतरत नाही. हे कामावर गेले. मी सोपानची पुडी काढली. निदान हा तरी पडू नये. नंदा गोधडीत होती, म्हणून मीच वाटीत कालवून त्याच्यापुढे धरली.

तो मागे सरकला. म्हणाला, "ताईला दे ना."

"ताईची वेगळी. ही तुझी."

"माझी ताईच घेते."

मी विचारलं, कधीपासून? त्याला दिवस सांगता येईनात. म्हणाला, "तू मला मारलंस ना, तेव्हापासून. पडवीत ती पिऊन टाकते आणि माझं तोंड पुसते. आणि म्हणते, सांगू नको."

म्हणजे रोज तीन. तिच्या दोन आणि याची एक. एकोणीस-वीस दिवस. आणि तिच्या बंद झाल्यावरही याची एक. ते कडू जहर घोटून, तोंड पुसून, ती माझ्यासमोर गणिताला बसत होती आणि मी तिच्या चुका मोजत होते.

वाटी खाली ठेवली. चिमाबाईला म्हटलं, दोघांजवळ बस. ती म्हणाली, "जावा तुमी. म्या हाय." आणि मी लोणावळ्याची गाडी धरायला स्टेशनवर गेले.

ता. २९ सप्टेंबर

काल डॉक्टरांसमोर बसून सगळं सांगितलं. दवाखान्यात चार बायका होत्या, त्यांनीही ऐकलं. किती दिवस, किती पुड्या, कुणाच्या. खोटं का बोलले, तेही.

डॉक्टरांनी लेखणी खाली ठेवली. मग म्हणाले, "बाई, तुम्ही आज हे सांगितलं नसतंत तर ताप उतरत नाही म्हणून मी सुईतून क्विनीन दिलं असतं."

नव्या निघालेल्या पिवळ्या गोळ्या दिल्या. दिवसाला तीन, पाच दिवस. अंग पिवळं पडेल, घाबरू नका म्हणाले. माझ्या हातात पेन्सिल दिली आणि प्रत्येक वेळ लिहून घ्यायला लावली, लहान मुलीला सांगावं तसं. कानांचं विचारलं. "पोर लहान आहे. येतील परत. किती, ते सांगता येत नाही."

ता. ३ ऑक्टोबर

ताप गेला. नंदा हळदीसारखी पिवळी दिसते. सोपान तिच्या पायाशी बसून असतो, उठतच नाही.

ता. ४ ऑक्टोबर, रविवार

ह्यांना सांगितलं. जेवण झाल्यावर, ओसरीवर, एका दमात. वाटलं होतं, ओरडतील. हात उगारतील. तसं काही केलं नाही. सुपारी कातरत होते, अडकित्ता थांबला.

मग खाली बघत म्हणाले, "बजरंगचं नाव मी शाळेत घातलं. दोन वर्षं झाली, तू माझ्याशी नीट बोलली नाहीस. मला वाटायचं, बरोबरच आहे तुझं."

कधी तोंडाने म्हटलं नव्हतं मी. पण त्यांचं ताट वाढताना, पाणी ठेवताना, रोज तेच म्हणत होते. त्यांना सगळं ऐकू येत होतं.

मी म्हटलं, "तुम्ही मला बोला. काहीही बोला."

ते म्हणाले, "कशाला? मला माहीत आहे ते कसं असतं." आणि सुपारीचं अर्धं खांड माझ्या हातावर ठेवलं.

ता. ११ ऑक्टोबर

नंदाशी पाटीवर बोलते. आज लिहिलं, "त्याची पुडी तू का घेतलीस? मला का नाही सांगितलंस?"

तिने बराच वेळ पेन्सिल चावली. मग लिहिलं, "तू त्याला मारलं असतंस." ते पुसलं. पुन्हा लिहिलं, "तू घाबरलीस की मारतेस."

एकही चूक नव्हती.

मी पाटीवर 'माफ कर' लिहायला घेतलं, आणि अक्षर निघेना. तिने पाटी काढून घेतली, जमिनीवर ठेवली आणि माझा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत धरून बसली. याच हाताने पट्टी धरली होती मी.

ता. १८ ऑक्टोबर

वेळापत्रक फाडलं. भिंतीचा पोपडाही निघाला.

ह्यांनी विचारलं, आता पुढे? मी म्हटलं, मला भीती वाटते. म्हणाले, "मलाही वाटते. दोघांना मिळून वाटू दे."

ता. ३० ऑक्टोबर

चिमाबाईने आज मागून हाक मारली, "नंदा, ये पोरी." नंदाने मान जरा उजवीकडे केली. मग नंदाच म्हणाली, वारा लागला कानाला. चिमाबाई म्हणते, वारा न्हवता. मी आशा धरत नाही.

ता. ८ नोव्हेंबर

उजव्या कानाला घड्याळ टेकवलं तर ऐकू येतं. डाव्याला काहीच नाही. डॉक्टर म्हणाले, डावा बहुधा असाच राहील. अकरा वर्षांची आहे. जन्मभर कुणाच्या तरी डावीकडे सरकून बसेल, आणि लोक विचारतील, काय झालं होतं? ती "ताप आला होता" असंच सांगेल, हे मला ठाऊक आहे. ते मला जास्त लागतं.

ता. २३ नोव्हेंबर, सोमवार

दोघांना शाळेत घातलं. मास्तरांना सगळं सांगून नंदाला पुढच्या ओळीत, डाव्या टोकाला बसवलं. सोपान आत पळाला. मी फाटकाशी उभीच राहिले. तिची पाठ माझ्याकडे होती. मी हाक मारली, अगदी हळू. तिला ऐकू जावी म्हणून नव्हे, माझ्याच्याने राहवलं नाही म्हणून.

ती वळली. म्हणाली, "आई, तू जा आता."