आवाज आहे तोवर

२७ डिसेंबर, दुपार

तीर्थरूप बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

वडिलांना लिहिलेल्या पत्राची सुरुवात अशीच झाली पाहिजे हा तुमचा दंडक, तो पाळलाय. फोन हाताशी असताना मुलगी कागद-पेन घेऊन का बसली, असं तुमच्या मनात येईल. काळजीचं कारण नाही, मी खुशाल आहे. खाते-पिते, अभ्यास करते, वजनही वाढलंय. थंडीचं मात्र विचारू नका. सकाळी शाळेला निघाले की नाक जागेवर आहे ना, ते चाचपून बघावं लागतं.

इथली माणसं फोटोंवरून तुम्हाला पाठ झाली असतील. ज्यांच्या घरी मी वर्षभर शिकायला राहिलेय, त्या मावशी पोहायला शिकवतात. काका मालाचा ट्रक चालवतात, त्यामुळे आठवड्यातले निम्मे दिवस घराबाहेर. त्यांच्या मुलीला मी चिमणी म्हणते, कारण तिची टकळी एकदा सुरू झाली की झोपेपर्यंत बंद होत नाही. मला इथली भाषा येतेय ती शाळेपेक्षा तिच्या बडबडीमुळे.

एका माणसाचा फोटो मी पाठवला नव्हता. मावशींचे वडील, म्हणजे आजोबा. दिवाळीच्या सुमारास ते या घरी राहायला आले. जिन्याखालची खोली रिकामी करून त्यांची खाट तिथे लावलीय. जन्मभर त्यांनी घरांच्या खिडक्यांना काचा बसवायचं काम केलं. गाडीतून फिरायला नेलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बोट दाखवत, "ही माझी, तीही माझी," असं चालू असतं. काका म्हणतात, सासऱ्यांचं ऐकलं तर अर्ध्या शहराचं भाडं आपल्याला यायला पाहिजे.

नाताळची तयारी आधीच्या आठवड्यापासून सुरू होती. काकांनी झाड आणलं ते दारातून आत येईना. ओढाताण झाली, मावशींशी वादावादी झाली, शेवटी काकांनी दारच बिजागऱ्यांवरून उतरवलं. सगळं घर गारठलं. आजोबा पांघरूण गुंडाळून खुर्चीतून सूचना देत होते आणि कुणीही त्या ऐकत नव्हतं. मी आणि चिमणीनं झाडाला दिवे लावले. सगळ्यात वरचा तारा आजोबांनी लावायचा, ही या घरची पद्धत. या वर्षी त्यांना उभं राहवेना. मावशींनी तारा त्यांच्या हातात ठेवला, आणि काकांनी त्यांना लहान मुलासारखं उचलून वर धरलं. तेव्हा मला कळलं, त्यांचं वजन किती कमी झालंय.

बाबा, मी भरकटतेय असं वाटेल. मुद्द्यावर ये, असं तुम्ही म्हणाल. येतेच आहे, जरा वेळ द्या.

नाताळच्या दुपारी आम्ही सगळे जेवायला बसलो. पानं वाढून झाली, आणि आजोबांनी हातातला चमचा खाली ठेवला. म्हणाले, "पुढच्या नाताळला मी नसेन. डॉक्टरांनी सांगितलंय, तुम्हा मोठ्यांना माहीत आहे. चिमणीला माहीत नाही. तिला आज मी सांगणार आहे."

मला वाटलं, आता मावशी त्यांना गप्प करतील. "असं अभद्र बोलू नका," असं कुणीतरी म्हणेल, पाणी पुढे करेल, विषय बदलेल. आपल्याकडे हेच झालं असतं. इथे सगळे थांबले. मावशींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण त्या उठल्या नाहीत.

चिमणीनं विचारलं, "दुखतं का?"

"दुखतं. रोज दुखतं."

"भीती वाटते?"

"वाटते की. पण तुम्ही सगळे समोर बसलात ना, की जरा कमी वाटते."

चिमणी खुर्चीवरून उतरली, त्यांच्याजवळ गेली आणि त्यांच्या बाहीला धरून रडली. खूप रडली. मग नाक पुसून म्हणाली, "तुमची काच कापायची करवत मला द्याल?" आजोबा म्हणाले, "करवत काचेला चालत नाही गं, वेडाबाई!" आणि सगळे हसायलाच लागले. डोळ्यांत पाणी आणि हसू, दोन्ही एकदम. मला मात्र हसू येईना. मी उठून स्वयंपाकघरात गेले.

कारण बाबा, मी महिनाभर तुमचा आवाज ऐकलेला नाही.

फोन केला की आई म्हणते, बाबा आंघोळीला गेलेत. बाबा बाजारात गेलेत. बाबांना आत्ताच झोप लागलीय. जगात कुणी इतक्या आंघोळी करत नाही. मग म्हणाली, घसा बसलाय, शाळेत खेळाच्या स्पर्धा आहेत ना. पी.टी.च्या सरांचा घसा बसायचाच. मीही मान्य केलं. मग एका रविवारी आई कॅमेऱ्यासमोर होती आणि मागून तुम्ही गेलात. मी "बाबा!" म्हणून ओरडले. तुम्ही नुसता हात हलवलात आणि आत गेलात. ज्या माणसाला आख्ख्या मैदानावर माइक लागत नाही, तो हात हलवून गेला. तेव्हाच मला समजलं होतं. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर कुणीतरी उत्तर दिलं असतं, म्हणून विचारलं नाही.

मावशी माझ्या मागे स्वयंपाकघरात आल्या. मी मोडक्यातोडक्या भाषेत सगळं सांगितलं. त्यांनी समजूत घातली नाही. माझा फोन आणून माझ्या हातात दिला आणि दार लावून बाहेर गेल्या.

मी दादाला फोन केला. "खरं सांग," एवढंच म्हटलं. तो म्हणाला, "बाबांनी शपथ घातलीय गं." मी म्हटलं, "मग मी बोलते, तू नुसतं हो किंवा नाही म्हण." पण त्याला तेही जमलं नाही, तो रडायलाच लागला. मग त्यानं सगळं सांगितलं. गाठ. तपासणी. जानेवारीच्या मध्याला ऑपरेशन. स्वरयंत्र काढावं लागणार, जीव वाचेल असं डॉक्टर म्हणतात, पण त्यानंतर बाबांना बोलता येणार नाही.

दादाला रागावू नका. त्यानं शपथ मोडली नाही, मी ती त्याच्याकडून काढून घेतली.

संध्याकाळी मी आजोबांच्या खोलीत गेले. मावशींनी त्यांना सांगितलेलं दिसत होतं. मी विचारलं, "एवढ्या लहान मुलीला कशाला सांगितलंत? सणाच्या दिवशी?" ते म्हणाले, "माझ्या बायकोला काय झालंय ते मला माहीत होतं, तिला नव्हतं. ती विचारायची, आणि मी हवापाण्याचं बोलायचो. तिला त्रास नको म्हणून. हळूहळू तिनं विचारणंच सोडलं. शेवटचे दिवस आम्ही एका खोलीत बसून हवेबद्दल बोलत होतो. पोरी, तुझे वडील तुझ्याशी कशाबद्दल बोलतात?"

तुम्ही तर हवेबद्दलही बोलत नाही.

मला ठाऊक आहे तुम्ही का लपवलंत. पोरीचं वर्ष बुडेल. एवढ्या मुलांतून निवड झालेली, ती सगळं टाकून पळत येईल. बरोबरच ओळखलंत. काल मी, मला इथे पाठवणाऱ्या संस्थेच्या बाईंशी बोलले. त्या म्हणाल्या, आत्ता गेलीस तर परत येता येईलच असं नाही. मी म्हटलं, चालेल. त्यांनी पुन्हा विचारलं, विचार केलास का? मी म्हटलं, केला. तिकीट काकांनी काढलंय. वर्ष पुढेही मिळेल, नाहीतर नाही मिळणार. हे मी रडत लिहीत नाहीये. कालच रडून झालं.

चिमणी माझी बॅग भरायला मदत करतेय, म्हणजे भरलेलं बाहेर काढतेय. आजोबांचा निरोप मी आज सकाळी घेतला. आम्हा दोघांनाही माहीत होतं की पुन्हा भेट नाही. तेही ते सरळ बोलले. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "जा. ऐकून घे."

हे पत्र फोटो काढून दादाला पाठवतेय. तो छापून तुमच्या हातात देईल. वाचून आईवर चिडू नका, तिनं तुमचंच ऐकलं. आणि मला नको येऊ असं कळवू नका, मी ते ऐकणार नाही.

एवढं एकच मागते. आवाज बदललाय, चिरका झालाय, तुम्हाला त्याची लाज वाटतेय, हे दादानं सांगितलं. असू दे. घोगरा असो, फाटका असो, आहे तोवर तो माझा आहे. मी परवा पहाटे पोचेन. बेल वाजवणार नाही. बॅग घेऊन दाराबाहेर उभी राहीन, आणि तुम्ही आतून नावानं हाक मारल्याशिवाय आत पाऊल टाकणार नाही.

वाट बघते,
तुमची टिल्लू