काळ्या बंगल्यात सासूबाई

आदरणीय साडूभाऊंना,

सादर नमस्कार (वाकून करणार होतो, पण पाठीत उसण भरली आहे, ती का भरली ते पुढे येईलच). वि. वि. इकडे आम्ही सगळे ठीक. तुमचा दमा, ताईंचं ब्लडप्रेशर आणि तुमच्या वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूचं तबलावादन, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा करतो. तुम्ही थोरले जावई, मी धाकटा. जगात दुसऱ्या कुणाला सांगून कळणार नाही अशी गोष्ट आहे, म्हणून तुम्हाला लिहितोय.

मी गाद्या आणि सोफे शिवणारा माणूस, हे तुम्ही जाणताच. आमच्या कोपऱ्यावरचं जुनं थिएटर बंद पडलं, तेव्हा त्याच्या खुर्च्या आणायला मी टेम्पो घेऊन गेलो. तिथल्या मॅनेजरला सगळे इंटरव्हल म्हणतात (कुठलंही वाक्य मध्येच सोडून तो चहाला जातो). तो म्हणाला, खुर्च्या न्यायच्या तर लॉबीतलं मशीनही उचला. कसलं मशीन, हे तो सांगणार एवढ्यात त्याची चहाची वेळ झाली. मला वाटलं, शिलाई मशीन असेल. निघालं पिनबॉल. लाकडी पेटी, चार लोखंडी पाय, वर तिरकी काच आणि डोक्याशी एक उभी रंगीत काच. हमालांनी ते घरापर्यंत आणलं, पण घराला लागून असलेल्या माझ्या कारखान्याच्या दारातून ते आत जाईना. आडवं केलं, उभं केलं, हमालांनी माझ्या दाराविषयी माझ्यासमोरच मत दिलं, आणि शेवटी मशीन बैठकीच्या खोलीत ठेवून ते निघून गेले. सौभाग्यवतीने मशीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि खुर्च्या कुठे आहेत एवढंच विचारलं. (खुर्च्या थिएटरातच राहिल्या होत्या.)

मशीनचं नाव ‘काळा बंगला’. उभ्या काचेवर टेकडीवरचा एक बंगला रंगवलाय, अंगणात काळा झगा घातलेला एक फिकट गृहस्थ उभा आहे आणि वरच्या खिडकीत दिवा घेतलेली एक बाई. वायर जोडली की आधी त्या बाईचा दिवा लागतो, मग एकेक खिडकी, आणि मग आतून कुणीतरी घसा बसल्यासारखं हसतं. खेळ तसा सोपा आहे. उजवीकडची दांडी ओढून सोडली की पोलादी गोळी वर धावते आणि उतारावरून गडगडत खाली येते. वाटेत थडग्याच्या आकाराचे खांब तिला टोलवतात, एक वटवाघूळ गरगर फिरतं, एक कवटी जबडा उघडून तिला गिळते आणि चव न आवडल्यासारखी परत थुंकते. खाली दोन फ्लिपर, म्हणजे बटण दाबल्यावर फटकन उडणाऱ्या दोन फळ्या. त्यांच्यामधून गोळी निसटली की गेली. गोळीने पाचही मेणबत्त्यांचे दिवे पेटवले तर मधल्या शवपेटीचं झाकण उघडतं, असं काचेखालच्या पट्टीवर लिहिलं होतं. आत काय आहे ते लिहिलं नव्हतं.

आता सासूबाई. सासरे गेल्यापासून त्या निम्मं वर्ष तुमच्याकडे, निम्मं आमच्याकडे असतात, आणि त्यांचं बोलणं किती उरलंय हे तुम्हीही पाहिलंय. चहात साखर नाही, तरी चालेल. पंखा बंद पडलाय, चालेल. एके काळी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसून सबंध शहराला एकमेकांशी बोलायला लावणारी ही बाई, आणि आमच्याकडे बॅगसुद्धा पूर्ण उघडत नव्हती. वर वर लागेल तेवढं काढायचं आणि चेन ओढायची.

एका दुपारी मी दिवाणावर पडलो होतो. पडदे ओढलेले. मला स्वप्न पडत होतं की मी शिवलेले सगळे सोफे एका संथ नदीतून चाललेत, प्रत्येकावर गिऱ्हाईक पाय सोडून बसलंय आणि कुणाचीच तक्रार नाही (म्हणजे स्वप्नच). लांबून घंटा वाजत होत्या. मी डोळे उघडले तरी त्या थांबल्या नाहीत. खोली लाल आणि हिरवी झाली होती, भिंतीवर वटवाघळाची सावली मंद फिरत होती आणि चष्मा कपाळावर चढवून सासूबाई मशीनपाशी उभ्या होत्या. बोटं बटणांवर. गोळी खाली आली की नुसती टिचकी, की ती परत वर. मी उठलो नाही. उठलो असतो तर ते सगळं विरघळून गेलं असतं, असं वाटलं.

त्यानंतर रोज दुपारी आमचं घर जरा तरंगायला लागलं. शेजारचा औषधवाला त्या हसण्याची तक्रार करायला आला आणि स्टूल ओढून बघत बसला. सौभाग्यवती स्वयंपाकघरात घंटांच्या तालावर गुणगुणू लागली. एकदा मीही खेळलो. गोळी निसटतेय असं दिसल्यावर मी मशीनला असा काही धक्का दिला, की ते रुसलं, सगळे दिवे गेले आणि फ्लिपर लुळे पडले. याला टिल्ट म्हणतात. माझी पाठ गेली ती तिथेच. सासूबाई म्हणाल्या, “ढकलायचं नसतं. नुसता हात ठेवायचा, मी आहे म्हणून.” एवढं लांब वाक्य मी त्यांच्या तोंडून कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं.

गेल्या आठवड्यात पाचवी मेणबत्ती पेटली. शवपेटीचं झाकण उघडलं, गोळी आत गेली, झाकण बंद, आणि मशीन काळंठिक्कर. खिडकीतल्या बाईचा दिवासुद्धा विझला. मला वाटलं, जळलं. मी वायर बघायला वाकलो (उसण असून), तर सासूबाईंनी माझा खांदा धरला.

“थांबा,” त्या म्हणाल्या. मग मशीनकडेच बघत, “हे गेले ना, तेव्हा असंच झालं होतं. मला वाटलं, आता फक्त खेळ उचलून न्यायला कोणीतरी यायचं राहिलंय.”

मी तिथेच, अर्धा वाकलेला. आणि मग आत कुठेतरी टकटक झाली, सगळ्या खिडक्या एकदम उजळल्या आणि झाकण उघडून तीन गोळ्या एकामागून एक बाहेर पडल्या. तीन, साडूभाऊ. त्या ओरडल्या, “उजवं बटण तुमचं, डावं माझं.” तो फिकट गृहस्थ हसत होता, घंटा थांबत नव्हत्या, सौभाग्यवती ओल्या हातांनी दारात उभी होती आणि मी आयुष्यात पहिल्यांदा सासूबाईंच्या खांद्याला खांदा लावून उभा होतो. किती वेळ, ते सांगता येणार नाही. तिन्ही गोळ्या शेवटी माझ्याच बाजूने गेल्या. त्यावर त्या जे बोलल्या ते इथे लिहीत नाही, पण त्यात ‘चालेल’ हा शब्द नव्हता. संध्याकाळी पाहिलं, तर त्यांची बॅग रिकामी होती आणि माझे शर्ट कपाटातून खुर्चीवर आले होते.

असो. थोरल्यांना नमस्कार, ताईंना तब्येतीला जपायला सांगावं. लोभ आहेच, तो असू द्यावा.

तुमचा,
धाकटा साडू

ता. क. : या महिन्याअखेरीस तुम्ही सासूबाईंना न्यायला येणार, असं ठरलं होतं. तुमच्याकडे रंगकाम निघालंय, असं एक कार्ड टाकाल का? मी सांगितलं म्हणू नका.

आणखी ता. क. : ही म्हणते, खोटं लिहायला लावू नका. तर मग खरोखरच रंगकाम काढा. माणसं मी पाठवतो.

त्याखाली, वेगळ्या अक्षरात : जावईबापूंचं अक्षर पोस्टमनला लागत नाही, म्हणून पाकिटावर पत्ता घालायला हे माझ्याकडे आलं. वाचलं. आईने कुठे राहायचं, यावर तुम्ही दोघे एवढा पत्रव्यवहार करता, पण आईला कुणी विचारलेलं नाही. विचारलं असतं, तर सांगितलं असतं. मी इथेच राहणार आहे. रंग मात्र द्या, तुमच्या जिन्यातल्या भिंती बघवत नाहीत. उत्तर पाठवायची घाई नको, दुपारी मला वेळ नसतो.