चढावरचं बोलणं

४ जून

ती. वन्संना सा. न. वि. वि.

फोनच केला असता, पण तुम्हाला त्यावर नीट ऐकू येत नाही आणि यांना त्याची घंटा सोसत नाही. दुकानाच्या छताला टांगलेली सायकल हुक निसटून यांच्या डोक्यात पडली, त्याला आता महिना होत आला. डॉक्टरीणबाईंनी तेव्हाच सगळं तपासलं होतं. आत रक्तस्राव नाही, हाड शाबूत आहे, फक्त मेंदूला हादरा बसलाय, असं सांगितलं होतं.

तुम्ही कळवलंत तशी खोली अंधारी केली. खिडकीवर चादरी टांगल्या, रेडिओ बंद केला, घरात मांजरासारखी वावरते. तरी डोकं दुखतंच. भांड्याला भांडं लागलं की खेकसतात. मागच्या आठवड्यात हट्टाने दुकान उघडलं आणि एका चाकाचा आउट काढायला बसले. वाकडं चाक सरळ करायचं म्हणजे ते फिरवून बघावं लागतं. तारा फिरायला लागल्या तसे हे भोवंडून खालीच बसले. तेव्हापासून एकच म्हणतात, फिरत्या चाकाकडे बघता येत नसेल तर मी कसला सायकलवाला.

काल डॉक्टरीणबाईंना अंधाराचं सांगितलं, तर त्यांनी मलाच फैलावर घेतलं. सुरुवातीचे एक-दोन दिवस विश्रांती ठीक, पण आता पडून राहणं नको, म्हणाल्या. रोज थोडं चालायचं, जागच्या जागी सायकल मारायची, त्याने मेंदू लवकर सावरतो. आता मी कुणाचं ऐकू? त्या डॉक्टर खऱ्या, पण तुम्ही वन्सं. तुमचं उत्तर येईपर्यंत चादरी काढत नाही.

रागवा हवं तर, पण लोभ आटवू नका.

तुमची भावजय


११ जून

चि. धाकट्यास व सौ. भावजयबाईंना अ. आ.

डोक्याला मार बसलेल्या माणसाला सायकलवर बसवायचं, हे कुठलं औषध? त्या बाईंना माझा नमस्कार सांगा आणि चादरी तशाच राहू द्या.

धाकट्या, बाबा चढावरून येताना सायकलसकट आपटले तेव्हा तू जेमतेम शाळेत जायला लागला होतास. आईने मधली खोली अंधारी केली होती. आपल्याला कुजबुजायचीसुद्धा चोरी. अख्खा उन्हाळा बाबा पडून होते आणि उठले ते ठणठणीत. शिवाय किती मायाळू झाले! आधी सकाळी आपल्याला टाटा करून सुसाट दुकानाला निघून जायचे. नंतर सायकल हातात धरून शाळेपर्यंत आपल्यासोबत चालायचे. तुझं दप्तर कॅरिअरला, माझी पाण्याची बाटली हँडलला, आणि पुढच्या चाकाची ती खर्र खर्र. चाकांचं कामही त्यांनी दुकानातल्या काकांवर सोपवलं. म्हणायचे, आता मी पंक्चर काढत निवांत बसणार. माझ्या आयुष्यातले सगळ्यांत चांगले दिवस होते ते.

पुढे त्याच सायकलवर तू मला डबलसीट न्यायला लागलास. चढाला धापा टाकायचास, पण कबूल करशील तर शपथ. म्हणून मी नियम केला होता, तू बोलत राहायचं, बोलणं तुटलं की मी उतरणार. मग तू दुकानांच्या पाट्या खालपासून वरपर्यंत म्हणत जायचास. असा हट्टी म्हणूनच तुझी काळजी वाटते.

पडून राहा, आणि बहिणीवर माया असेल तर ती गुमान ऐकून दाखव.

तुझी ताई


२३ जून

ती. ताईस सा. न. वि. वि.

अक्षर तुझ्या भावजयीचं, बोल माझे. मी लिहायला बसलो की ओळी हलतात.

तुझा हुकूम मोडला. माळ्यावरून बाबांची सायकल काढली, मागचं चाक स्टँडवर उचललं आणि भिंतीकडे तोंड करून बसलो. ही म्हणाली, इतकी वर्षं नवरा घरात टिकत नाही म्हणून कुरकुरले, आता सायकलही घरातच चालवतोय. पहिल्याच दिवशी गाढवपणा केला. शर्यत लागल्यासारखे पाय मारले आणि संध्याकाळपर्यंत डोकं धरून पडलो. डॉक्टरीणबाई रागावल्या. श्वास वाढू दे, घाम येऊ दे, पण सलग वाक्य बोलता आलं पाहिजे, म्हणाल्या, आणि डोकं जास्त दुखायला लागलं की तिथेच थांबायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा बसायचं. मला हसू आलं. म्हटलं, हा नियम माझ्या बहिणीने फार पूर्वीच काढलाय.

आता झोप लागते. चादरी उतरवल्या. चाकाकडे मात्र अजून बघवत नाही.

पण एक गोष्ट मनातून जात नाही. बाबांच्या सायकलचं पुढचं चाक मी डोळे मिटून, बोट लावून फिरवलं. ते वाकडं आहे, ब्रेकच्या रबराला घासतं. तुझी ती खर्र खर्र म्हणजे तेच. जगाची चाकं सरळ करणाऱ्या माणसाने स्वतःचं चाक असं का ठेवलं? काकांनाही हात लावू दिला नाही, राहू दे तसंच, म्हणायचे. ताई, त्या उन्हाळ्यानंतर तू त्यांना सायकलवर बसलेलं कधी पाहिलंस का? मला तर आठवत नाही. ते आपल्यासाठी चालत होते, की त्यांनाही फिरतं चाक सोसत नव्हतं?

चिडली असशील. चिडूनच लिही, पण लिही.

तुझा धाकटा


९ जुलै

चि. धाकट्यास अ. आ.

तुझं पत्र वाचलं आणि टेबलावर पालथं घालून ठेवलं. माझे ते चालत जायचे दिवस तू हिसकावून घेतोयस असं वाटलं. मग आठवत गेले. नाही रे, कधीच पाहिलं नाही. आपण अंगणात सायकल उलटी ठेवून चाक गरगर फिरवायचो ना, तेव्हा बाबा उठून आत जायचे. आपल्या कलकलाटाला कंटाळले असं मला वाटायचं. मी फार रडले. बाबा मनातून इतके घाबरलेले असताना आपल्याशी किती हसत बोलत चालायचे! ते दिवस माझ्यासाठी चांगले होते, ते चांगलेच राहतील. त्यांना ते किती जड गेले असतील, हे आज कळलं.

आता माझा नवा हुकूम. सायकल मार. डॉक्टरीणबाई सांगतील तेवढीच, पण रोज मार. आणि मारताना पाट्या म्हण. मला खालून शिंपी, घड्याळवाला आणि औषधांचं दुकान एवढंच आठवतं, पुढचं सगळं पुसलंय. पूर्ण करून पाठव. बोलणं तुटलं तर मी उतरले म्हणून समज.

माझे आशीर्वाद कॅरिअरवर बसलेत, सांभाळून ने.

तुझी ताई


२ सप्टेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

अक्षर ओळखलंस का? आता ओळी जागच्या जागी राहतात.

घे तुझ्या पाट्या. शिंपी, घड्याळवाला, औषधांचं दुकान, चष्मेवाला, वह्या-पुस्तकं, बेकरी, कुलपं-किल्ल्या, न्हावी, आणि सगळ्यांत वर आपलं दुकान. ती पाटी आली की तूच माझ्याआधी ओरडायचीस, आणि तीच विसरलीस!

परवा बाबांची सायकल उलटी ठेवली आणि डोळे उघडे ठेवून पुढचं चाक फिरवलं. जरा गरगरलं. थांबलो, पाणी प्यायलो, पुन्हा फिरवलं. तारा आवळत, सैल करत दुपारपर्यंत आउट काढला. खर्र खर्र गेली बघ. मला जरा चुकल्या-चुकल्यासारखं वाटलं, तुलाही वाटेल. दुकान आता सकाळचं उघडतो.

डॉक्टरीणबाईंनी रस्त्यावर जायची परवानगी दिली, म्हणून आज त्याच सायकलने चढ चढलो. दुकानं बहुतेक बदललीत, पण मी जुन्याच पाट्या मोठ्याने म्हणत गेलो. लोक वळून बघत होते. न्हाव्यापर्यंत बोलणं तुटलं नाही. आपल्या पाटीशी पोचलो, पाय टेकला, आणि मागे वळून कॅरिअरकडे बघितलं. बाबांनी पुन्हा हा चढ चढावा म्हणून त्यांच्या मागे बसायला कुणी नव्हतं, ताई. मला तू होतीस.

कॅरिअर पुसून ठेवलंय. ये, आणि येताना लोभ भरपूर आण, सामान कमी.

तुझा धाकटा