अठ्ठेचाळीस हजारांचा तपास

३ जून, मंगळवार. दुपार.
एका परक्या माणसावर उपकार केले. फोनवर रडत होता. म्हणे, काका, हॉस्पिटलचे पैसे चुकून तुमच्या खात्यात आले. मेसेजही होता, अठ्ठेचाळीस हजार जमा. दुसऱ्याचा पैसा आपल्याला पचायचा नाही. ताबडतोब परत केले.

संध्याकाळ.
बॅलन्स बघितला. जमा काहीच झालं नव्हतं. मेसेज बनावट. गेले ते आमचेच. म्हणजे खातं माझं, पैसे हिचे. चार वर्षं लोकांचे कपडे शिवून साठवलेले, मोटरवाल्या मशीनसाठी. पायाची मशीन मारून गुडघा पार गेलाय हिचा.
ठराव: हिला कळायच्या आत पैसे परत आणणे. ऑफिसच्या गेटवर एकवीस वर्षं सिक्युरिटी सुपरवायझर आहे. चोर कसा ओळखायचा हे मला कुणी शिकवू नये.

४ जून.
संशयित एक: मेहुणा. गेल्याच महिन्यात नवा मोबाईल घेतला. कुठून आले पैसे? दोन: शेजारचे मास्तर. फार गोड बोलतात.
बँकेत तक्रार करणार नाही. आतलंच कुणीतरी सामील असणार.

५ जून.
बँकेतून बाईचा फोन. पैसे अडवून ठेवलेत, शाखेत येऊन सही करा. मी काय दुधखुळा आहे? मी तक्रारच केली नाही, मग या बाईला कळलं कसं? चांगली खरडपट्टी काढली. नंबर ब्लॉक.

६ जून.
ही फोनवर हळू आवाजात बोलते. मी खोलीत शिरलो की म्हणते, नंतर करते. पलीकडे मेहुणाच. बहीण-भाऊ मिळालेले! स्वतःच्याच पैशावर कोण डल्ला मारेल, असंही वाटलं. पण तपासात असं हळवं होऊन चालत नाही.

९ जून, सोमवार. साडेअकरा.
मोठी कामगिरी! गेटवर एक इसम आला. गळ्यात बँकेचं कार्ड, हातात फॉर्म. म्हणे, पाचच्या आत सही द्या, नाहीतर अडवलेले पैसे सुटून चोराकडे जातील. कार्डावरच्या फोटोत मिशी, तोंडावर नाही. पकडला! अर्धा तास उन्हात उभा केला. शेवटी हात जोडून म्हणाला, काका, तुमच्या मिसेसनीच पाठवलंय. घरच्या माणसाचं नाव घ्यायचं, ही यांची जुनी चाल. पिटाळून लावला. रजिस्टरमध्ये लाल शाईने नोंद.
मधे हिचे तीन फोन येऊन गेले. ड्यूटीवर घरचे फोन मी घेत नाही.

१० जून.
माणूस खरा होता. मिशी त्याने लग्नासाठी काढली होती.
हिने बुधवारीच पासबुक भरून आणलं होतं. तिथल्या तिथे तक्रार केली, मेहुण्याला घेऊन हेलपाटे घातले. सगळी रक्कम अडवली गेली होती. खातं माझं, म्हणून फक्त माझी सही राहिली होती. काल पाचनंतर पैसे सुटले. आता आशा सोडा, असं बँक म्हणते.
मला आधीच का नाही सांगितलंस, म्हणून मी ओरडलो. म्हणाली, तुम्ही नीट जेवतसुद्धा नव्हतात. वाटलं, पैसे आले की सांगावं, म्हणजे तुम्हाला लाजल्यासारखं व्हायला नको.
मी म्हणालो, गेटवर नियम म्हणजे नियम. अनोळखी माणसावर मी विश्वास ठेवत नाही.
ही कुणाच्या तरी शर्टाला बटणं लावत होती. मान वर न करता म्हणाली, अहो, मग त्या रडणाऱ्यावर कसा ठेवलात?
रडू आलं, म्हणून गॅलरीत जाऊन उभा राहिलो.