कोंडीतले पिठोळ

लाटंबार्से, मंगळवार, १२ मे १९९२

ओहळ आटलाय. काजूच्या बागेखालच्या एकाच कोंडीत पाणी उरलेय, आणि ओहळातले सगळे पिठोळ तिथे गोळा झालेत. बोटाएवढे मासे, शेपटीशी काळा ठिपका. आज धाकटे दीर पाहुण्यांसाठी मासे हवेत म्हणून ब्लीचिंग पावडरची पिशवी घेऊन निघाले. ती पाण्यात टाकली की पिल्लांसकट सगळे मरून वर येतात. मी सांगून पाहिले.

"पावसात परत होतात ते, वयनी."

पिल्लेच मेली तर कुठून होणार? कपड्यांची बादली उचलून त्यांच्या आधी कोंडीत उतरले. साबण मुद्दाम घरी ठेवला होता. नुसतेच कपडे आपटत राहिले. ते काळे ठिपके पायांशी येऊन टोचत होते.

"वयनी, सरले काय कपडे?"

"नाय हो भावजी, चादरी रवल्या."

घडी घातलेल्या चादरीसुद्धा धुतल्या. शेवटी वैतागून ते बाजारात गेले आणि बांगडे घेऊन आले. पाहुणे पोटभर जेवले. भावजी रागावलेत का? असतील. पावडरची पिशवी न्हाणीच्या फळीवर आहे. फेकावी तर भांडण होईल. पाऊस अजून लांब आहे.

उद्या पडदे धुवायला काढते.